तीन ठिपके कुठे दिसले? एका ग्रास यलोच्या ओळखीचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका तळ्याभोवतीच्या पायवाटेवर वर्षभरात कोणकोणती फुलपाखरं आणि पतंग दिसतात याची यादी करायची, एवढ्यासाठी हा गट जमला होता. कीटकशास्त्र शिकलेलं त्यात कुणी नव्हतं. एक शाळेतल्या शिक्षिका, एक निवृत्त अभियंता, झाडांची उत्तम जाण असलेल्या एक बाई, नुकतीच मॅक्रो लेन्स घेतलेला कॉलेजातला एक मुलगा आणि येऊन-जाऊन असणारे आणखी काही जण. फोटो काढायचे, गटात टाकायचे, नाव ठरलं की यादीत नोंद करायची. यादी शिक्षिका सांभाळत. त्यांना सगळे ताई म्हणत आणि अभियंत्यांना काका. माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील मी बदलले आहेत, फुलपाखरांबद्दलचे मात्र होते तसे ठेवले आहेत.

नोंदीचा नियम सोपा होता. एकाने नाव सुचवायचं, आणखी दोघांनी होकार दिला की नोंद पक्की. बहुतेक फुलपाखरांना एवढा नियम पुरतो. ब्लू मॉर्मन नीट दिसलं असेल तर त्यावर वाद होत नाही. प्लेन टायगर आणि त्याची नक्कल करणारी डॅनेड एगफ्लायची मादी यांच्यात नवा माणूस फसतो, पण फरक एकदा दाखवला की तो लक्षात राहतो. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीच्या मागच्या पंखावर पुढच्या कडेशी एकच. फोटोत मागचा पंख स्पष्ट आला की काम झालं.

ग्रास यलोंचं तसं नाही. ही लहान पिवळी फुलपाखरं गवतात, वाटेच्या कडेला, ओल्या मातीवर जिथे तिथे असतात आणि बसली की पंख मिटूनच बसतात. पंखांच्या वरच्या बाजूची काळी किनार ओळखीला फार उपयोगी पडली असती, पण ती आत झाकलेली राहते. आपल्याला दिसते ती खालची बाजू, म्हणजे पिवळ्या रंगावर थोड्या तपकिरी खुणा. त्यातही बघायचं ते पुढच्या पंखाच्या ‘सेल’मध्ये. पंखाच्या मुळापासून निघून साधारण मध्यापर्यंत गेलेला, शिरांनी वेढलेला लांबट कप्पा म्हणजे सेल. कॉमन ग्रास यलोच्या (युरेमा हेकाबे) सेलमध्ये सहसा दोन खुणा असतात, थ्री-स्पॉट ग्रास यलोच्या (युरेमा ब्लांडा) तीन, वन-स्पॉटच्या एक. स्मॉल आणि स्पॉटलेस ग्रास यलोच्या सेलमध्ये खूण नसते. हेकाबेचं वर्णन लिनियसने १७५८ साली केलं, ब्लांडाचं बोआदुवालने १८३६ साली. म्हणजे या जाती जुन्या आणि परिचित आहेत, तरी दोन्ही शेजारी बसलेल्या असल्या तर उभ्याने बघणाऱ्याला फरक कळणार नाही.

गटाच्या यादीत या घराण्यातलं एकच नाव होतं, कॉमन ग्रास यलो. लहान पिवळं दिसलं की तेच लिहायची सगळ्यांना सवय होती.

अडचण कशी उभी राहिली

पावसाळा सरत आला होता. तळ्याच्या काठी ओल्या गाळावर ग्रास यलोंचा मोठा थवा चिखलपान करत बसला होता. अशा थव्यांत बहुतेक नर असतात, ओल्या मातीतून ते सोडियमसारखे क्षार घेतात आणि त्यांच्यात अनेकदा एकापेक्षा जास्त जाती मिसळलेल्या असतात. कॉलेजातल्या मुलाने पोटावर झोपून त्यांचे फोटो काढले. संध्याकाळी त्यातले चार निवडून गटात टाकले आणि खाली लिहिलं, ‘एकाच फुलपाखराचे चार फोटो. सेलमध्ये तीन ठिपके?’

काकांनी लगेच उत्तर दिलं, ‘थ्री-स्पॉट! आपल्या यादीत नवीन. अभिनंदन.’ मग होकारांची रांग लागली. रात्रीपर्यंत नियमाला लागतात त्याहून कितीतरी जास्त संमती जमल्या होत्या.

ताईंनी नोंद करण्याआधी चारही फोटो मोठे करून पाहिले आणि त्या थांबल्या. एका फोटोतल्या फुलपाखराच्या मागच्या पंखाच्या खालच्या कडेला बारीकशी खाच होती, एखाद्या पक्ष्याची चोच निसटून जावी तशी. दुसऱ्या फोटोत तीच कड अखंड होती. मुलाने मूळ फाइल पाठवल्यावर वेळाही दिसल्या. खाच असलेला फोटो आधीचा होता, अखंड कडेचा नंतरचा. फुलपाखराचा फाटलेला पंख पुन्हा भरून येत नाही. तेव्हा ही किमान दोन वेगळी फुलपाखरं होती.

यातून खरा गुंता पुढे आला. खाच असलेल्या फुलपाखराचा पुढचा पंख खाली सरकलेला होता आणि त्याच्या सेलचा मुळाकडचा भाग मागच्या पंखाआड गेला होता. तिथे मोजलेल्या तीन खुणांपैकी तिसरी खूण सेलच्या आत नव्हतीच. ती सेलच्या टोकाला असलेली, मूत्रपिंडाच्या आकाराची कड्यासारखी खूण होती. ती हेकाबेलाही असते आणि ब्लांडालाही, म्हणून मोजणीत धरायची नसते. दुसऱ्या फुलपाखराचा पंख छान वर आलेला होता आणि सेल पूर्ण उघडी होती. पण पिवळा रंग इतका उजळ आला होता की मुळाजवळ जे करडं काही दिसत होतं ती खूण आहे की मागच्या पंखाच्या कडेची सावली, हे सांगता येत नव्हतं.

थोडक्यात, एका फोटोत मोजणी चुकली होती आणि दुसऱ्यात मोजणी शक्य नव्हती. तरीही गटाने नाव ठरवून टाकलं होतं.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही जागा. होकार बरेच होते, पण बघणारा माणूस एकच होता. बाकीच्यांनी काकांवर विश्वास ठेवून हो म्हटलं होतं. काकांची नजर चांगली आहे, त्यांच्यावर विश्वास ठेवण्यात गैर काहीच नाही. पण नियमाला अपेक्षित होतं ते तिघांनी वेगवेगळं बघणं, आणि ते झालं नव्हतं. हा प्रश्न या एका गटापुरता नाही. निसर्गातल्या नोंदी टाकण्याच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावरही दोन-तृतीयांशांहून जास्त मतं एका जातीवर जुळली की, बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील तर, नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनाला वापरण्याजोगी, ठरते आणि योग्य परवान्याच्या अशा नोंदी पुढे जीबीआयएफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जातात. तिथून त्या कुणाच्या तरी नकाशावर ठिपका होऊन बसतात. हो म्हणणाऱ्याने फोटोत नेमकं काय पाहिलं, ते त्या ठिपक्यावर लिहिलेलं नसतं.

पहिला निर्णय: सांगायचं कसं

ताईंनी गटात काही लिहिण्याआधी मुलाला फोन केला.

“फोटो सुंदर आलेत रे. पण मला तिसरा ठिपका मोजता येत नाहीये. तुला नक्की कुठे दिसतोय, खूण करून पाठवशील?”

“ताई, सगळ्यांनी हो म्हटलंय ना?”

“म्हटलंय. पण मला तू दाखव.”

त्याने फोटोवर बाण काढून पाठवले. तिसरा बाण सेलच्या टोकावरच्या कड्याकडे होता. ताईंनी सेलची सीमा रंगीत रेषेने आखून तोच फोटो परत पाठवला आणि कडं त्या रेषेवर पडतं हे त्याच्या लक्षात आलं. तो खट्टू झाला. यादीत पहिल्यांदाच त्याच्या नावावर काहीतरी नवीन येणार होतं.

यानंतर ताईंनी गटात लिहिलं ते फक्त एवढंच: नोंद थांबवली आहे, फोटोत दोन फुलपाखरं आहेत, सेलची मोजणी पक्की होत नाही, प्रत्येकाने आपल्याला खुणा कुठे दिसल्या ते बाणाने दाखवावं. कुणाचं चुकलं याचा उल्लेख नव्हता. बाण काढायला बसल्यावर बऱ्याच जणांनी आपला होकार स्वतःहून मागे घेतला. काकांनीही घेतला आणि लिहिलं, ‘मी कडं धरून मोजलं.’ त्या एका वाक्याने पुढचं सगळं सोपं झालं, असं माझं मत आहे. गटातला अनुभवी माणूस उघडपणे मत बदलतो तेव्हा नव्यांनाही मत बदलणं जड जात नाही.

समोरचे पर्याय

नोंद थांबली, पण पुढे काय यावर दोन दिवस चर्चा चालली.

बहुमताने नाव कायम ठेवावं, असं म्हणणारे थोडे होते. ब्लांडा काही दुर्मीळ नाही, इथे असणारच, असा त्यांचा युक्तिवाद. तो खरा असू शकतो. पण ‘असणारच’ असं म्हणून यादी करायची तर घरी बसून पुस्तकावरूनही करता येते.

दुसरी सूचना आली ती जाळीने एखादं फुलपाखरू पकडून, पंख हलकेच वर करून, पाहून सोडून देण्याची. त्यावर जास्त वाद झाला. ग्रास यलो नाजूक असतं. बोटांत धरलं की पंखांवरचे खवले निघतात, आणि इथे ज्या खुणा मोजायच्या त्या थोड्या तपकिरी खवल्यांच्याच बनलेल्या असतात. शिवाय काही जाती कायद्याने संरक्षित असतात, आणि हातात येईपर्यंत आपण काय पकडलंय हे नवशिक्याला कळत नाही. गटाने जाळी नको असं ठरवलं. मला तो निर्णय बरोबर वाटतो. शास्त्रीय अभ्यासात नमुने गोळा करावे लागतात आणि त्याला जागा आहे, पण परवानगी, प्रशिक्षण आणि नमुना कायम जपणारी संस्था या तिन्ही गोष्टी त्यामागे लागतात. यादी पूर्ण व्हावी एवढ्या कारणासाठी ते नको.

तज्ज्ञाला फोटो पाठवावेत, असंही सुचवलं गेलं. ताईंचं म्हणणं पडलं की जे फोटोत नाही ते तज्ज्ञालाही दिसणार नाही. आधी चांगला पुरावा मिळवू, मग विचारू.

चौथी सूचना झाडं ओळखणाऱ्या बाईंची होती आणि तोवर ती कुणाच्या डोक्यात आली नव्हती. पंख बघायचं सोडा, अळ्या शोधा, असं त्या म्हणाल्या. हेकाबेची मादी एकेक अंडं सुटं घालते, तिची अळी एकटी असते आणि डोकं हिरवं असतं. ब्लांडाची मादी अंडी पुंजक्याने घालते, अळ्या घोळक्याने राहतात आणि त्यांची डोकी काळी असतात. पंखावरच्या पुसट ठिपक्यापेक्षा हा फरक कितीतरी ठळक आहे. खाद्यझाडंही ठाऊक आहेत. हेकाबे टाकळ्यापासून शिरीषापर्यंत शेंगा येणाऱ्या बऱ्याच झाडाझुडपांवर असते, तर ब्लांडाच्या अळ्या बहावा, गुलमोहर, शिरीष अशा झाडांवर मिळतात. तळ्याच्या वाटेवर बहाव्याची झाडं होती.

काय केलं

गटाने तीन कामं एकदम हाती घेतली.

पहिलं काम फोटो काढण्याच्या पद्धतीचं. उजळ पिवळा रंग कॅमेऱ्याला अवघड जातो. लाल आणि हिरवा हे दोन्ही घटक एकदम शिगेला पोचतात आणि पंखाचा तुकडा सपाट पिवळा होतो. त्या सपाट पिवळ्यात विरळ तपकिरी खवले बुडून जातात, आणि नंतर संगणकावर कितीही ओढाताण केली तरी ते परत येत नाहीत. म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवायचं आणि फाइल रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेली, घ्यायची, असं ठरलं. फोटो जरा काळपट दिसला तरी चालेल. कॅमेऱ्याचा सेन्सर मिटलेल्या पंखाला समांतर धरायचा, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत सगळा पंख एकाच फोकसमध्ये राहतो. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ ते ११ च्या आसपास. मोबाइलवर काढणाऱ्यांना वेगळी अडचण होती. फोन स्वतःच फोटो गुळगुळीत करतो, आणि निरोपाच्या अ‍ॅपमधून पाठवताना तो आणखी दाबला जातो. त्यांना सांगितलं गेलं की फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

यातली एक युक्ती मला विशेष आवडली. फुलपाखरू आपल्या आणि सूर्याच्या मध्ये असेल अशी जागा घेतली की पंखातून उजेड आरपार येतो आणि वरच्या बाजूची काळी किनार मिटलेल्या पंखातूनही सावलीसारखी दिसते. हेकाबेच्या पुढच्या पंखावर या किनारीची आतली कड मध्येच खोल कोरल्यासारखी असते, स्मॉल ग्रास यलोमध्ये ती बरीच सरळ वळणाची असते. मुलाच्या चार फोटोंपैकी एक असाच, उजेडाविरुद्ध काढलेला होता. त्याने तो कलात्मक म्हणून घेतला होता. पुढे तोच सगळ्यांना नमुना म्हणून दाखवला गेला.

चिखलपानाच्या थव्यासाठी एक शिस्त लावली. एका फुलपाखरावर फोकस केलं की ते उडेपर्यंत त्याचेच फोटो, मग जमिनीचा किंवा स्वतःच्या तळहाताचा एक फोटो, आणि त्यानंतर दुसरं फुलपाखरू. तळहाताचा फोटो म्हणजे दोन फुलपाखरांमधली भिंत. ‘एकाच फुलपाखराचे’ असं लिहायचं ते त्या भिंतीच्या एका बाजूच्या फोटोंबद्दलच. कॅमेऱ्याचं घड्याळही दर वेळी तपासायचं, कारण बॅटरी बराच काळ काढून ठेवली की काही कॅमेऱ्यांची तारीख मूळपदाला जाते.

दुसरं काम जुन्या नोंदींचं. ते कंटाळवाणं होतं आणि ते काकांनी मागून घेतलं. ‘कॉमन ग्रास यलो’ म्हणून नोंदवलेला प्रत्येक फोटो उघडून त्यांनी तीन ढीग केले. पहिल्यात सेल मुळापर्यंत उघडी आणि खुणा दोनच. दुसऱ्यात सेलचा काही भाग झाकलेला, म्हणजे ‘निदान दोन’ एवढंच म्हणता येईल असे. तिसऱ्यात सेल दिसतच नाही असे. दुसरा ढीग सर्वांत मोठा झाला. काही फोटो मात्र तिन्ही ढिगांत बसेनात. त्यांत सेल पूर्ण उघडी होती आणि आत खूणच नव्हती. फुलपाखरू जरा लहान, आणि ज्या फोटोत उजेड आरपार आला होता त्यात किनार न कोरलेली. तीन ठिपक्यांचं फुलपाखरू शोधता शोधता गटाला स्मॉल ग्रास यलो सापडलं, तेही आपल्याच जुन्या फोटोंत, दुसऱ्याच नावाखाली.

तिसरं काम अळ्यांचं. बाईंनी बहाव्याच्या कोवळ्या पानांवर रोज सकाळी नजर टाकायला सुरुवात केली. काही दिवसांनी एका खालच्या फांदीवर खाल्लेली पानं दिसली, आणि पानाच्या मधल्या शिरेवर एकमेकींना खेटून बसलेल्या हिरव्या अळ्या. डोकी काळी कुळकुळीत. ओळीने बसल्या होत्या, आणि सावली पडली की सगळ्यांची हालचाल एकदमच थांबायची.

दुसरा निर्णय: घरी आणायच्या का

अळ्या डब्यात घालून घरी वाढवाव्यात, म्हणजे फुलपाखरू बाहेर येताना फोटो नक्की मिळेल, असं मुलाचं म्हणणं होतं. ते समजण्यासारखं होतं. झाडावर अळ्यांना मुंग्या, कोळी, पक्षी आणि परजीवी गांधीलमाश्या खातात, पंख फुटेपर्यंत फार थोड्या टिकतात. बाईंचा विरोध होता. डब्यात दमटपणा वाढला की रोग पसरतो, घोळक्याने राहणाऱ्या अळ्यांत तर झपाट्याने, आणि ताज्या पानांची रोजची सोय करायला कुणाकडे खात्रीचा वेळ नव्हता.

शेवटी अळ्या झाडावरच ठेवायच्या आणि पाळीपाळीने रोज फोटो काढायचे असं ठरलं. फांदी वाकवायची नाही, पान तोडायचं नाही. या निर्णयाची किंमत मोजावी लागली. एका जोराच्या सरीनंतर घोळका निम्म्यावर आला. उरलेल्यांनी जवळजवळच कोष केले, तेही काळपट. एकट्या हिरव्या कोषांची सवय असलेल्या एका सदस्याने ते मेले असं गटात लिहून टाकलं. बाईंनी समजावलं की ब्लांडाचे घोळक्यातले कोष अनेकदा गडदच असतात, थांबू या. त्यातल्या काही कोषांना पुढे बारीक भोकं पडली आणि आतून चिमुकल्या परजीवी माश्या निघाल्या. बाकीच्या कोषांच्या कवचातून काही दिवसांनी पंखांचा पिवळा रंग आणि काळी किनार दिसू लागली.

त्या सकाळी पाळी मुलाची होती. तो उजाडायच्या आत झाडाखाली होता. एक कोष आधीच उकलला होता आणि फुलपाखरू आपल्याच रिकाम्या कवचाला धरून लटकलं होतं. पंख अजून ओलसर होते, पुढचा पंख मागच्यापासून सुटून वर आलेला. सेल मुळापर्यंत उघडी होती. त्याने सेन्सर पंखाला समांतर धरला, एक्स्पोजर उतरवलं आणि घेतलेला पहिला फोटो तिथेच मोठा करून पाहिला. टोकाचं कडं सोडून, आत तीन खुणा. सर्वांत आतली, मुळाजवळची खूण बाकी दोघींपेक्षा फिकट होती. पंख पूर्ण वाळल्यावर फुलपाखराने ते नीट मिटले आणि ती फिकट खूण मागच्या पंखाआड गेली. तोही फोटो त्याने घेतला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा फोटो हा दुसरा आहे. तेच फुलपाखरू, काही वेळाच्या फरकाने, आधी तीन खुणांचं आणि मग दोन खुणांचं दिसतं.

निष्पत्ती

थ्री-स्पॉट ग्रास यलो यादीत आलं. पुरावा म्हणून घोळक्यातल्या काळ्या डोक्यांच्या अळ्या, झाडाचं नाव, कोष आणि बाहेर आलेलं फुलपाखरू, असे सगळे फोटो एकाच नोंदीत जोडले गेले. तज्ज्ञाकडे पाठवल्यावर त्यांनी ओळख मान्य केली.

चिखलपानाचे मूळ चार फोटो मात्र जात न ठरवता ‘युरेमा’ एवढ्याच गटनावाखाली राहिले. यावर पुन्हा चर्चा झाली. आता इथे ब्लांडा आहे हे सिद्ध झालंय, तर त्या फोटोंनाही तेच नाव का देऊ नये, असा प्रश्न आला. ताई बधल्या नाहीत. जवळच्या झाडावर ब्लांडा वाढतं म्हणून गाळावर बसलेलं ते विशिष्ट फुलपाखरू ब्लांडा ठरत नाही, हेकाबेही त्याच वाटेवर आहेच. मुलाने ते मान्य केलं. यादीतल्या ब्लांडाच्या नोंदीवर शेवटी त्याचं आणि बाईंचं नाव एकत्र आलं.

जुन्या नोंदींपैकी पहिल्या ढिगातल्या ‘कॉमन ग्रास यलो’ म्हणून कायम राहिल्या. उरलेल्या दोन ढिगांना ‘युरेमा’वर आणलं गेलं. यादीतल्या पक्क्या नोंदी एका रात्रीत बऱ्याच कमी झाल्या आणि एक-दोघांना ते लागलं. इतक्या वर्षांत कुणी हरकत घेतली नव्हती, असं एकाने लिहिलं. काकांनी त्याला उत्तर म्हणून मुलाचे ते दोन फोटो, पंख मिटण्याआधीचा आणि नंतरचा, शेजारी-शेजारी लावून टाकले.

होकाराचा नियमही बदलला. आता नुसतं ‘हो’ चालत नाही. ज्या खुणेवरून हो म्हणताय ती एका ओळीत लिहायची: ‘सेल पूर्ण उघडी, खुणा तीन, टोकाचं कडं वेगळं.’ एवढं लिहिता येत नसेल तर मत न देणं चांगलं.

याचा उपयोग लवकरच पतंगांच्या बाबतीत झाला. रात्री पांढऱ्या पडद्यावर दिवा सोडून पतंग बघताना एक मोठा, वाळक्या पानासारखा पतंग आला. तो युडोसिमा गटातला आहे हे सगळ्यांनी ओळखलं. जात ठरवायची तर मागचा पंख दिसायला हवा. तिथे नारिंगी रंगावर युडोसिमा फॅलोनियाला स्वल्पविरामासारखी वळलेली काळी खूण असते, युडोसिमा मॅटर्नाला गोल ठिपका. पण बसलेल्या पतंगाचा मागचा पंख पुढच्या पंखाखाली पूर्ण झाकलेला असतो. काडीने डिवचलं तर तो पंख उघडून दाखवतो, असं कुणीतरी सुचवलं. त्याला डिवचलं नाही. नोंद ‘युडोसिमा’ अशीच गेली आणि त्यावर कुणाला काही कमी वाटलं नाही. पुष्कळ लहान तपकिरी पतंगांत तर जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्याशिवाय जात ठरतच नाही. त्यांच्या बाबतीत फोटोवरून वाद घालण्यात गटाने नंतर वेळ घालवला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

नोंदीचा नियम बदलायला इतका मोठा प्रसंग लागायला नको होता. ज्या जातींत गल्लत होते त्यांची छोटी यादी सुरुवातीलाच केली असती, आणि प्रत्येकीपुढे ‘फोटोत काय दिसायलाच हवं’ हे लिहिलं असतं, तर जुन्या फोटोंची उलथापालथ टळली असती. ग्रास यलोंसाठी ती ओळ अशी होते: पुढच्या पंखाची सेल मुळापर्यंत, शक्य तर उजेडाविरुद्ध एक फोटो, आणि आसपासचं झाड.

मुलाला आलेलं दडपणही टाळता आलं असतं. काकांनी अभिनंदन करण्याआधी ‘तिसरी कुठे दिसली, दाखव’ एवढं विचारलं असतं तर सगळा उत्साह त्या शोधात गेला असता. नव्या माणसाचं कौतुक जरूर करावं, पण ते नोंदीच्या निकालाआधी येऊ नये. फोटोचं कौतुक वेगळं करता येतं आणि ते त्या दिवशी योग्यच ठरलं असतं.

अळ्या झाडावर ठेवण्याच्या निर्णयाबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही. पण घोळका पहिल्यांदा दिसला त्याच दिवशी त्याच झाडाच्या इतर फांद्या आणि जवळचे शिरीष-गुलमोहरही तपासायला हवे होते. सगळी भिस्त एका फांदीवर राहिली, आणि त्या सरीत तीही गेली असती तर पुढच्या पिढीपर्यंत थांबावं लागलं असतं.

एक काम अजून अपुरं आहे. कोरड्या ऋतूत हेकाबेच्या पुढच्या पंखाच्या टोकाजवळ खालच्या बाजूने मोठा तपकिरी डाग येतो, आणि पावसाळ्यातल्या फोटोंवर सराव झालेली नजर तिथे अडखळते. त्या ऋतूतले या वाटेवरचे बहुतेक जुने फोटो दुसऱ्या ढिगातले आहेत. काकांनी कोरड्या दिवसांसाठी सकाळच्या पाळ्या लावल्या आहेत, आणि पहिल्या पाळीवर त्या मुलाबरोबर स्वतःचं नाव घातलं आहे.